चाळीस महिन्यांचं पाणी

दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरातले नरसिंह कुंटे भेंडी आणायला निघाले तरी आधी ‘क्ष मानू’ म्हणायचे. केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षं आकडेमोड केलेला माणूस. बस किती वाजता येईल हे ते समीकरणानं काढत, आणि बस आली नाही की चूक बसची असे.

गुडगावच्या एका नव्या सेक्टरात, सरकारी नोकरांच्या सोसायटीत, त्यांनी घर बांधलं होतं. नव्व्याण्णवच्या ऑगस्टअखेर निवृत्ती, मग क्वार्टर सोडून तिकडे. साठ घरांना मिळून एकच बोअर. कुंटे दर पहिल्या रविवारी दोन बस बदलून तिथं जात, झाकणातल्या भोकातून ओळंबा बांधलेला दोरा सोडत आणि कान लावून ‘डुबुक’ची वाट पाहत.

"लग्नात माझा हात धरतानासुद्धा इतके तल्लीन नव्हते हो!" वैजयंतीवहिनी म्हणायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत पाणी ऐंशी फुटांवर होतं. महिन्याला दीड फूट उतरत होतं. पंप एकशेचाळीस फुटांवर. कुंट्यांनी सोसायटीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत समीकरण मांडलं. ऐंशी अधिक दीड क्ष बरोबर एकशेचाळीस. म्हणून क्ष बरोबर चाळीस महिने. खाली लिहिलं, ‘कृपया पानी बचाइए.’

तिथले शेजारी ढींगरा गदगदले. "कुंटे साब, आपने तो आँखें खोल दीं!"

सोमवारी त्यांच्या अंगणात बोअर खणायची गाडी उभी. दोनशे फूट. ते पाहून पलीकडच्यांनी अडीचशे खणलं. सहा महिन्यांत बावीस बोअर झाले.

जुलैत डुबुक ब्याण्णव फुटांवर ऐकू आलं. त्यातले चार फूट एकट्या शेवटच्या महिन्यातले. कुंट्यांनी गुडघ्यावर वही ठेवली.

"किती?" बरोबर आलेल्या वहिनींनी विचारलं.

"बारा महिने. पुढचा जुलै."

"आणि आपण येणार सप्टेंबरात! मग आपणही खणू या ना."

"म्हणजे वेग आणखी वाढेल, आणि जुलैपर्यंतही पुरायचं नाही. उत्तर बरोबर होतं गं. मी ते फळ्यावर लिहिलं, तिथं चुकलं."

फळ्याजवळ पंधराएक जण जमले होते. ढींगरांनी खडू पुढे केला. "लिखिए साब, नयी तारीख!"

कुंट्यांनी जुनं समीकरण पुसलं, खडू खाली ठेवला आणि ते चालू लागले.

"कुछ नहीं लिखा?" मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "मतलब बात बहुत बिगड़ चुकी है."

बोअर खणणारे हल्ली गाड्यांसकट सेक्टरच्या नाक्यावरच मुक्काम ठोकून असत. कुंटे बसथांब्यावर पोचतात तोच समोरून धूळ उडवत एक गाडी सोसायटीकडे वळली. मग दुसरी. कुंटे सवयीनं मोजत होते.

तिसरी दिसली तेव्हा कुंट्यांनी हात वर करून ती थांबवली.