आमच्या टेबलावरचा गुंठामंत्री

ऑफिसात एखादा शब्द रुळला की त्याच्यामागे किस्से आपोआप जमत जातात. आमच्या टेबलावर तो शब्द होता ‘गुंठामंत्री’. सगळ्यात जास्त तो मीच वापरला, त्यामुळे लाजही माझ्याच वाट्याला आली!

मी लातूरचा. नोकरी पिरंगुटजवळ, राहायला भरे गावात, थोडी जमीन विकलेल्या तात्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने.

*

शब्दाचा उगम ऑफिसातला आमचा सचिन छातीठोकपणे सांगायचा. "गुंठा-गुंठा जमीन विकायची आणि मंत्र्यासारखं मिरवायचं! पांढरी गाडी, गळ्यात चेन!"

टपरीवरचे चहावाले मामा म्हणाले, "आन् इकत घेनाऱ्याला काय म्हनत्यात, सायेब?"

आम्ही चहाचे पैसे ठेवून निघालो.

*

ऑफिसात अर्थ पसरत गेला. वडापावची पार्टी दिली, गुंठामंत्री! नवे बूट घातले, गुंठामंत्री! एकदा मॅनेजर भारी घड्याळ घालून आले आणि मी पुटपुटलो. त्यांनी नेमकं ऐकलं.

"बरं," ते म्हणाले, "खातं कुठलं दिलंय मला?"

*

चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता: ‘आपला लाडका गुंठामंत्री’. हसत हसत मी फोटो काढत होतो, तर फ्लेक्सवरचा माणूसच मागे उभा!

"नीट काढा की राव, चेन कुटं दिसतीया?"

*

एका रविवारी सचिन माझ्या खोलीवर आला. तात्याही गप्पांना बसले होते. सचिनने मला डोळा मारत विचारलं, "तात्या, जमीन विकून घेतलंत तरी काय?"

"हिचं गुडघं," तात्या म्हणाले. "दोन्ही. बदलून घेतलं."

तेवढ्यात काकू जिना चढून आमच्यासाठी चहा घेऊन आल्या. मी उठून त्यांच्या हातातून कप घेतले.

एवढं होऊनही फोनमधलं एक नाव मी बदललं नाही. आळस म्हणा, माज म्हणा.

*

भात लावणीच्या दिवशी मीही हौसेने तात्यांच्या उरलेल्या शेतातल्या चिखलात उतरलो होतो. तात्यांचा फोन सापडेना. काकू म्हणाल्या, "रिंग द्या की तुमी." मी नंबर लावला. रिंग जाते का ते बघायला तात्यांनी माझा फोन हातात घेतला.

बांधावरच्या त्यांच्या सदऱ्यात रिंग वाजत होती. तात्या मात्र माझ्या स्क्रीनकडे बघत होते. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘गुंठामंत्री’.

त्यांनी माझा फोन टॉवेलला पुसून परत दिला. "घावला," एवढंच म्हणाले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी नाव बदललं. पण दोन दिवस चोरासारखा जिन्यावरून ये-जा केली. खोली सोडावी, असंही मनात आलं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. स्क्रीनवर ‘तात्या’. उचलला.

"हॅलो, गुंठामंत्री बोलतुया. माशाचं कालवण केलंय. तुमची काकू ताट घिऊन वर येतीया म्हनत व्हती, म्या न्हाई म्हनलं. तुमीच या खाली."