गयाबाईंचं वेगळं मीठ

"बाबा, उठून बसा बरं," म्हटलं, तर पुंजाबाबा नुसते हसले. पाय हलेचनात. किडन्या अर्ध्यामुर्ध्या चालत असूनही चिकलठाण्याच्या आमच्या हॉस्पिटलात ते दर महिन्याला चालत यायचे. माझे लाडके पेशंट. आज शेजाऱ्यांनी उचलून आणलं होतं.

लगेच ईसीजी काढला. उंच, टोकदार लाटा. रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलेलं. रिपोर्टची वाट बघायला वेळ नव्हता.

"सिस्टर, आधी कॅल्शियम! मग इन्सुलिन आणि ग्लुकोज."

"म्याडम, शुगर नाय त्यांना," बाबांच्या पत्नी गयाबाई घाबरून म्हणाल्या.

"माहितीये, मावशी. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं."

थोडं समजावून सांगते. मज्जातंतूच्या पेशीत पोटॅशियम भरपूर, बाहेर अगदी थोडं. ते सतत बाहेर झिरपतं आणि जाताना धन भार नेतं, म्हणून पेशी शांत असताना तिची आतली बाजू ऋण राहते. हा फरक साधारण सत्तर मिलिव्होल्टचा. गलोलीचा रबर ताणून ठेवावा तसा हा ताण, त्याच्या जोरावर संदेश सुटतो. बाहेरचं पोटॅशियम वाढलं की झिरपणं कमी होतं, रबर ढिला पडतो. स्नायूंचंही तेच. पाय थांबतात. पुढचा नंबर हृदयाचा.

अर्ध्या तासात लाटा जरा बसल्या. मग मी विचारलं, "मावशी, जेवणात काय बदल?"

"तुमी मीठ कमी करा म्हनले ना? दुकानदारानं बीपीवाल्यांचं येगळं मीठ दिलं. ते खारट लागतच नाय, म्हनून दुप्पट घालते."

त्या 'वेगळ्या' मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, जास्त झालं की कडवट लागतं. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

गयाबाईंचा चेहरा पडला. "मंजी म्याच घातलं व्हय, माझ्या हातानं?"

"नाही हो. मीठ कमी करा एवढंच बोलून मी मोकळी झाले. चूक माझी."

संध्याकाळी डायलिसिस केलं. दुसऱ्या दिवशी बाबा खाटेवर पाय हलवत बसले होते.

"बाबा, भाजी कडवट लागत नव्हती का?"

त्यांनी दाराकडे बघितलं. गयाबाई चहा आणायला गेल्या होत्या.

"लई कडू, म्याडम. पन ती रोज इचारायची, झाली का बरी? एवढ्या मायेनं वाढलेलं, नाय कसं म्हनू?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. तेव्हापासून किडनीच्या पेशंटला मी रिपोर्टसोबत मिठाचं पाकीटही आणायला लावते. आणि भाजी कशी लागते, हे बायकोला बाहेर बसवून विचारते.