विलासचा ट्रेलर आणि काकूंची खोली

विलास पॉटलकला कधी काही करून आणत नाही. पेपर प्लेट्स आणतो, आणि एक किस्सा आणतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ट्रॉय गावातली आम्ही चार मराठी कुटुंबं महिन्यातल्या एका शनिवारी जमतो, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. उरलेली भाजी डब्यांत भरून घरोघरी जाते, पण विलासचे किस्से कोणी घरी नेत नाही, ते तिथेच साठत जातात. त्या एका ट्रेलरपायी तर इतके साठलेत, की नव्या माणसाला सांगायला बसलं की चहा दोनदा होतो. तर बसा. पहिला ठेवलाय.

*

विलास देशपांडे मूळचा नागपूरचा, आणि डेट्रॉइटच्या या पट्ट्यातल्या बहुतेकांसारखा गाड्यांच्या धंद्यातला. त्याचं काम व्हॅलिडेशन, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या गोष्टींतल्या चुका काढणं. बायको माधुरी म्हणते, पगार फक्त ऑफिसात मिळतो, काम घरीही चालू असतं.

ट्रॉयच्या जरा बाहेर त्याने दोन एकरांतलं जुनं घर घेतलं. "दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे!" हे त्याने इतक्यांदा ऐकवलं की माझा नवरा शेखर त्याला पाटील म्हणायला लागला. घेण्याआधी विलासने प्रत्येक नळ सोडून पाहिला, प्रत्येक खिडकी उघडून लावली, फोटो काढले.

पहिल्याच उन्हाळ्यात तो मागच्या अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली माजलेले रानद्राक्षाचे वेल छाटायला गेला आणि कात्री ठण्णकन पत्र्यावर आपटली. आत ट्रेलर! गाडीला मागे जोडून फिरायला न्यायचं चाकांवरचं घर. बाक, टेबल, ओटा, पलंग, सगळं आत.

त्याने घर विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ओ, दॅट? मी घर घेतलं तेव्हापासून आहे. मला वाटलं, घराबरोबरच येतं."

शेखर म्हणाला, "विल्या, गळकी तोटी पकडलीस आणि अख्खं घर सुटलं?"

*

त्याच उन्हाळ्यात विलासची आई आली. सुलभाकाकू. काका नागपुरातच, कूलरसमोर.

काकूंना लेकाच्या घरात काही कमी नव्हतं, आणि तेच दुखणं होतं. भांडी डिशवॉशर घासतो, सून मीटिंगमध्ये, नात हेडफोनमध्ये. "माझं असं काहीच नाही रे इथे," त्या विलासला म्हणाल्या, "पाहुण्यासारखं बसून राहायचं. पुढच्या वर्षी नको बोलवू मला." विलासने हे आम्हाला हसत हसत सांगितलं, पण त्याला ते फार लागलं होतं.

मग काकू एक दिवस ट्रेलरमध्ये शिरल्या आणि बाहेर आल्या त्या झाडू मागायलाच. आठवड्याभरात जुन्या साडीचे पडदे लागले. दुपारचा चहा तिथे, पोथी तिथे. "याला काय ऊन म्हणतात?" असं मिशिगनच्या जुलैला रोज सुनावून त्यांनी पायरीवर सांडगेसुद्धा घातले. आणि त्याला म्हणायला लागल्या, "माझी खोली."

नात रिया इथेच जन्मलेली, नियमांची पक्की. ती म्हणाली, "आजी, इट्स लिटरली नॉट अवर्स!"

"मी कुठे आपलं म्हणते? मी फक्त राहते."

हे वाक्य आमच्यात इतकं चाललं, की शेखर आता ऑफिसात दुसऱ्याच्या जागी गाडी लावतो आणि हेच म्हणतो.

*

खोली झाली म्हणजे पूजा आलीच.

ट्रेलरच्या तोंडाशी गाडीला जोडायचा लोखंडी दांडा असतो, त्यावर काकूंनी मांडली. इथे स्वस्तिक काढायचं नाही, लोकांना नाझी आठवतात, हे माधुरीने आधीच बजावलं होतं. त्याची भरपाई काकूंनी दुप्पट कुंकवाने केली. हळद, अक्षता, झेंडू, आणि तिथेच नारळ फोडला.

कुंपणापलीकडचे म्हातारे शेजारी हे सगळं मन लावून पाहत होते. "आम्ही बाटली फोडतो," ते म्हणाले, "पण बोट निघताना. हे कुठे निघालंय?"

"नो, नो," विलास म्हणाला, "हे इथेच राहावं म्हणून."

*

टाउनशिपला, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीला, तसं वाटलं नाही. तिकडून एक सभ्य गृहस्थ आले आणि म्हणाले, नोंदणी नसलेलं वाहन अंगणात ठेवता येत नाही. सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत नावावर करा, नाहीतर उचलून न्यावं लागेल. काकूंना काही सांगायची गरज पडली नाही. त्या माणसाचा चेहरा पाहूनच त्या ट्रेलरमध्ये जाऊन बसल्या.

नावावर करायचं तर आधी त्याच्यावरचा नंबर हवा. त्यावरून जुना मालक कळतो. शनिवारचं पॉटलक विलासच्या अंगणात हलवलं. चार इंजिनियर, चौघेही गाड्यांतले, त्यात शेखर तर चासीवाला, गाडीचा सांगाडा हेच त्याचं काम! टॉर्च घेऊन खाली झोपले, छपरावर चढले, चाकं खरवडली. ट्रेलर कोणत्या सालचा यावर भांडण होऊन पावभाजी गार झाली. नंबर काही मिळेना.

"काय शोधून राहिले रे सारे?" काकूंनी विचारलं.

"नंबर, काकू."

"मग नीट शोधा ना," म्हणून त्या पाव भाजायला गेल्या.

*

शेवटी नंबर तपासायला शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसातून एक डेप्युटी आली. तरुण मुलगी, कमरेला पिस्तूल. ती सरळ पुढच्या दांड्यापाशी गेली. "बहुतेक इथे असतो," ती म्हणाली. "कॅन आय वाइप धिस?"

चौघे एकमेकांकडे पाहायला लागले. सगळ्या ट्रेलरवरून हात फिरला होता, पण कुंकवाला कोणी बोट लावलं नव्हतं. पूजेच्या जागी कोण हात घालणार? आमचा चासीवाला तर तिथून जाताना चपला काढून गेला होता!

काकूंनी स्वतःच ओल्या फडक्याने दांडा पुसला. कुंकवाखाली नंबर, अगदी ठसठशीत. "अरे, पूजा कधीच झाली होती," त्या म्हणाल्या, "एका शब्दाने बोलला असता कोणी तर तेव्हाच पुसलं असतं."

आता दारी आलेल्या पोरीला कुंकू लावल्याशिवाय कसं पाठवायचं? काकू हळूच म्हणाल्या, "विलास, विचार तिला, लग्न झालंय का?"

"आई, प्लीज!"

"विचार म्हणते ना."

विलास डेप्युटीकडे वळला. "ऑफिसर, माय मदर वॉन्ट्स टु नो... आर यू मॅरीड?"

डेप्युटीने विलासकडे पाहिलं, मग माधुरीकडे. माधुरी आकाशातले ढग पाहत होती. "एंगेज्ड," डेप्युटी म्हणाली.

"चालेल," काकू म्हणाल्या आणि कुंकू लावलं. ती ते तसंच कपाळावर घेऊन गाडीत बसली.

*

ट्रेलर चोरीचा नव्हता. आता जुन्या मालकाच्या पत्त्यावर सरकारी पत्र जाणार होतं. कोणी हक्क सांगायला आलं तर ट्रेलर त्याचा, नाही आलं तर विलासचा.

एरवी देवळात फक्त प्रसादापुरता येणारा विलास सकाळी हात जोडून उभा राहायला लागला. कोणी येऊ नये, एवढंच मागणं. ते काकूंनी ऐकलं आणि त्याला चांगला झापला. "कोणाचं तरी घर आहे ते. त्याने येऊ नये असं मागतोस? अशी खोली मला नको."

त्याच दुपारी त्यांनी पडदे धुतले, इस्त्री केली आणि पुन्हा लावले. "आला तर त्याला त्याचं घर नीट दिसायला हवं," त्या माधुरीला म्हणाल्या.

*

आणि मालक आला. म्हणजे आली. कॅरोल, साठीची, उंच, मोठा पिकअप घेऊन. मागे ट्रेलर जोडायचा आकडा चकचकीत. ती न्यायलाच आली होती.

ट्रेलर तिच्या वडिलांचा. या घरात पूर्वी त्यांचा मित्र राहायचा, त्याच्याकडे ठेवलेला. वडील गेले, मित्र गेला, आणि ट्रेलर कुठे राहिला हे सांगणारं कोणी उरलं नाही. कॅरोल आत गेली. साडीचे पडदे पाहिले, टेबलावरचे सांडगे पाहिले, आणि बाकावर बसून रडायला लागली. लहानपणीचे सगळे उन्हाळे तिने या बाकावर झोपून काढले होते.

काकूंनी रियाला विचारलं, "काय म्हणते?" रियाने सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग हे माहेर आहे तिचं." आणि ओटीचं सामान आणायला गेल्या.

विलास धसकला. आता पुन्हा "लग्न झालंय का" विचारायला लागणार! पण काकूंनी विचारलंच नाही. विलासने नंतर कारण विचारलं तर म्हणाल्या, "माहेरी आलेल्या लेकीला कोणी विचारतं का असलं?"

पदर नव्हता, म्हणून कॅरोलला टीशर्टचं टोक पुढे धरायला लावलं. तांदूळ, नागपूरहून आणलेला खण, नारळ. कॅरोलने विचारलं, हे काय आहे? आणि आमची नियमवाली रिया जरा थांबून म्हणाली, "इट मीन्स यू केम होम. सो यू कान्ट लीव्ह एम्प्टी-हँडेड."

कॅरोलने टीशर्टचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग तांदळाचा एक दाणा न सांडता पिकअपमध्ये बसली आणि तशीच गेली. ट्रेलर जागच्या जागी!

"काकूंनी तिला नारळ दिला!" शेखर म्हणाला. काकूंनी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

*

पुढच्या आठवड्यात कॅरोलने वडिलांच्या कपाटातून ट्रेलरचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, शोधून आणला आणि विलासच्या नावावर सही केली. अट एकच, तो त्या अक्रोडाच्या झाडाखालून हलवायचा नाही. सरकारी खिडकीवरच्या बाईने विचारलं, "वाहनाची तपासणी करून घेतलीत का?" विलास म्हणाला, "नो, मॅम." व्हॅलिडेशनवाल्याने हे म्हणावं, यावर आमचं एक अख्खं पॉटलक निघालं.

*

काकू थंडीआधी नागपूरला गेल्या. पुढच्या वर्षी नको बोलवू म्हणणाऱ्या काकूंनी फेब्रुवारीतच फोन करून तिकीट काढायला सांगितलं.

इमिग्रेशनसाठी विलासने त्यांच्याकडून नेहमीप्रमाणे तीन वाक्यं पाठ करून घेतली. सन्स हाउस. सिक्स मंथ्स. देन गो बॅक. "याच्यापुढे एक शब्द बोलू नकोस, आई. सगळ्या कागदांवर एकच मुलगा लिहिलाय."

विलास डेट्रॉइटच्या विमानतळावर उभा. लोक बाहेर येतायत, काकू येत नाहीत. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आतून ऑफिसर.

"सर, तुमच्या आई म्हणतात, त्या मुलीच्या माहेरपणासाठी आल्यात. तो शब्द आम्हाला कळला नाही. पण मुलगी इथेच असते म्हणतात, नाव कॅरोल. इज दॅट करेक्ट?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या विलासने ही चूक काढली नाही. त्याने फोन शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिला.

"येस, धिस इज कॅरोल," ती म्हणाली. "टेल हर आय ब्रॉट द कोकोनट."