खाट की आरामखुर्ची

विमानतळावरून परत येणारा माणूस गाडीत बसला की आधी बुटाची नाडी सैल करतो आणि मग तोंड. मला काही विचारावं लागत नाही. मी आरशात बघून नुसतं "हं" म्हणतो. गाडीच्या कप्प्यात पार्किंगच्या चिठ्ठ्या साठतात, फेकायच्या राहतात, तसे हे किस्से माझ्याकडे साठले. चिठ्ठ्या परवा फेकल्या. किस्से कुठे फेकायचे ते कळेना, म्हणून सांगतो.

मी मधू शेलार. नववीत शाळा सोडली. पुढे काही वर्षं नाशिकला उंडारलो, तेव्हा माझ्या मोठ्या भावानं, सुधीरदादानं, मला कोलकात्याला बोलावून घेतलं आणि स्वतःच्या कंपनीच्या गाडीवर बसवलं. कंपनी गार्डन रीचच्या बाजूला, जहाजांचे पंप बनवते. आम्ही राहतो डमडमला. दादाचं काम साहेबलोकांची विमानाची तिकिटं काढायचं, माझं काम त्यांना पोचवायचं आणि आणायचं. म्हणजे साहेबाला घरातून उचलून आभाळात ठेवायचं खातं आम्हा दोघा भावांकडे.

दादा या महिन्यात गेला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी हसवत असताना कुणी मध्येच विचारलं की दादा हल्ली कुठे असतो, तर मला गाडी बाजूला घ्यावी लागेल.

*

आमच्या ऑफिसात भांडण एकच. सिंगापूर, दुबई असं चार-पाच तासांचं विमान असलं, तर पुढची महागडी सीट कुठली घ्यायची? पूर्ण आडवी होणारी, की नुसती मागे कलणारी? पहिलीला आम्ही खाट म्हणायचो, दुसरीला आरामखुर्ची.

मालक प्रधानसाहेब खाटवाले. मूळचे ठाण्याचे, पण कोलकात्यात इतकी वर्षं काढली की दुपारची झोप हा त्यांना मूलभूत हक्क वाटतो. मार्केटिंगच्या देशमुख मॅडम आरामखुर्चीवाल्या. हिशेबाचे घोषदा ज्याचं तिकीट फुकट त्याच्या बाजूचे.

आणि दादा आरामखुर्चीचा. का, असं साहेबांनी विचारलं तर म्हणायचा, "साहेब, माणसानं आडवं व्हायची घाई करू नये. ती सोय शेवटी सगळ्यांना फुकट मिळते."

गंमत अशी, की दादा दोन्हींत कधी बसलाच नव्हता. आईला भेटायला नाशिकला जायचा तेव्हा मुंबईपर्यंत विमानानं, पण कायम मागे, पंखांच्याही मागच्या रांगेत. तिकडे जाता जाता मात्र पुढच्या सीटांच्या पाठीवर हात फिरवत जायचा. देवळात खांबाला हात लावतात तसा.

"तू न बसताच मत देतोस," साहेब म्हणायचे.

"मग बसवा एकदा. बसून सांगतो."

"पुढच्या वर्षी."

हे दर वर्षी व्हायचं. दोघांनाही त्यात मजा यायची.

*

प्रधानसाहेब सिंगापूरहून आले. गाडीत बसले ते गप्प. मी दोनदा "हं" म्हणालो तरी गप्प. शेवटी उल्टाडांग्याच्या सिग्नलला फुटले.

"मधू, जेवण आलं. सावकाश जेवलो. मग विमानातल्या त्या पोरीनं खाट घातली. वर गादी, त्यावर चादर, उशी, पांघरूण. मी मोजे काढले, कूस बदलली, डोळा लागला."

"हं."

"आणि तिनं खांद्याला हात लावला. सर, सीट सरळ करा, उतरतोय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दादानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "साहेब, म्हणजे बारसं तुमचंच, आणि पाळणा तेवढा शेजारणीचा. परत मागायला आली."

साहेबांनी पुढच्या खेपेलाही खाटच घेतली. हट्ट म्हणजे हट्ट. फक्त या वेळी जेवले नाहीत. दुबईला उतरल्यावर तिथल्या गिऱ्हाइकासमोर त्यांचं पोट इतकं वाजलं, की त्यानं मीटिंग थांबवून बिर्याणी मागवली. ती ऑर्डर आपल्याला खाटेमुळे मिळाली, असं साहेब आजही सांगतात.

*

देशमुख मॅडमचा अनुभव उलटा. त्या मुंबईच्या विमानात आरामखुर्चीत बसल्या होत्या आणि नुकतं ताट आलं होतं. पुढच्या सीटवरच्या काकांनी खटका दाबला आणि सीट एकदम मागे टाकली. काकांचं गुळगुळीत डोकं मॅडमच्या वरणभाताच्या थेट वर.

मॅडम दोन घास गप्प जेवल्या. मग पुढे वाकून गोड आवाजात विचारलं, "काका, डोकं मांडीवर दिलंच आहे, तर तेल लावून देऊ का?"

काका मुंबईपर्यंत ताठ बसले.

दादानं हा किस्सा ऐकला आणि साहेबांना जाऊन सांगितला. साहेब खूश. "बघ! तुझ्या आरामखुर्चीत दुसऱ्याचं डोकं येतं."

दादा म्हणाला, "येऊ दे की साहेब. डोकं तरी येतं. तुमच्या खाटेत शेजाऱ्याचे पाय येतात."

पाय म्हणजे घोषदांचे. तेही सांगतो.

*

घोषदांना एकदा साहेबांच्या ऐवजी दुबईला जावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा खाट, आणि तीही खिडकीची. बायकोला दाखवायला फोटो काढले, मोफत मिळालं ते सगळं प्यायले, आणि निम्म्या वाटेत त्यांना उठायची गरज पडली.

शेजारी एक लांबरुंद अरब शेख खाट आडवी करून घोरत होता. बाहेर पडायला वाटच नाही. आरामखुर्ची असती तर गुडघे चुकवून निघता आलं असतं. इथे गुडघेच दिसत नव्हते, पांघरुणाचा डोंगर होता. हवाईसुंदरीला बोलवायची घोषदांना लाज वाटली. चपला काढल्या, एक पाय डोंगराच्या पलीकडे टाकला, दुसरा अलीकडे. त्याच क्षणी विमानानं एक हिसका दिला आणि शेखनं डोळे उघडले.

वर एक अनोळखी माणूस, फाकलेल्या पायांनी उभा.

घोषदांनी तिथूनच दोन्ही हात जोडले. म्हणाले, "नोमोश्कार. आमि घोष."

बंगाली माणूस कुठेही सापडला तरी आधी ओळख करून देतो. शेखनंही झोपल्या झोपल्या हात जोडले. दोघे अजून एकमेकांना ईदच्या आणि पूजोच्या शुभेच्छा पाठवतात.

*

या सगळ्याचा एकदा काय तो निकाल लावायचा, म्हणून दादानं ऑफिसात चाचणी ठेवली. जेवणाच्या सुट्टीत दोन आसनं मांडली. एक फिरती खुर्ची, पाठ मागे कललेली. आणि प्रथमोपचाराच्या खोलीतलं स्ट्रेचर, दोन टेबलांवर ठेवलेलं. त्यावर पांढरी चादर. खुर्चीत देशमुख मॅडम, स्ट्रेचरवर प्रधानसाहेब. सुट्टी संपल्यावर कोण जास्त ताजंतवानं उठतं ते बघायचं.

मॅडमना झोप आलीच नाही, त्या फोनवर बोलत बसल्या. साहेब मात्र पडल्या पडल्या गाढ. पंख्याचा वारा लागला म्हणून त्यांनी चादर तोंडावरून घेतली.

इतक्यात विशाखापट्टणमहून एक जुने गिऱ्हाईक न सांगता आले. दारात थबकले. टेबलावर स्ट्रेचर, वर पांढरी चादर, बाजूला दादा आणि मी गंभीर उभे. आम्ही हसू दाबत होतो, पण त्यांना काय कळणार. त्यांनी बूट काढले. पुढे आले. खिशातला हातरुमाल डोळ्यांना लावला आणि साहेबांच्या पायांना हात लावला.

पायाला गुदगुल्या झाल्या तसे साहेब उठून बसले. "अरे या, या. बसा."

त्या माणसाला आम्ही त्याच स्ट्रेचरवर झोपवून पाणी मारलं.

दादा त्या दिवशी इतका हसला, की भिंतीला टेकून खाली बसला. "मध्या," म्हणाला, "खाट बाद. खाटेवरच्या माणसाला लोक लगेच निरोप देतात."

या महिन्यात दादाला चहा पिता पिता टेबलावरच काहीतरी झालं, तेव्हा त्याला त्याच स्ट्रेचरवरून खाली आणला. मी तिथे नव्हतो. विमानतळावर एका पाहुण्याच्या नावाची पाटी धरून उभा होतो. फोन आला. पाटी तिथेच टाकली, पाहुणाही तिथेच, आणि गाडी काढली. मी पोचायच्या आधी दादा गेला होता. चादर तोंडावरून घेतली होती. मी ती ओढून काढली. वाटलं, आता म्हणेल, "अरे ये, बस."

*

आई थकलेली, नाशिकहून निघू शकत नव्हती. फोनवर एवढंच म्हणाली, "त्याला माझ्याकडे आण. गोदावरीत मी सोडीन."

घोषदांना हे पटेना. त्यांच्याकडे त्याच दिवशी घाटावरच अस्थी सोडून सगळं उरकतात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मोधू, पूरा इंडिया गंगा ढूँढने इधर आता है, और तू गंगा छोड़के जाता है?"

मी म्हटलं, "घोषदा, गंगा इधर है। लेकिन माँ उधर है।"

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग नाशिकला मासे चांगले मिळतात का ते विचारलं.

आमच्यात अस्थी घरात नेत नाहीत आणि जमिनीवर टेकवत नाहीत. बाहेर झाडाला बांधतात. आमच्या डमडमच्या इमारतीत झाड म्हणजे कुंडीतली तुळस. शेवटी कलश पिशवीत घातला आणि गाडीत, साहेबलोक कोट अडकवतात त्या मागच्या हुकाला लावला. दादा कायम माझ्या शेजारी पुढे बसायचा आणि गियर कधी टाकायचा ते शिकवायचा. मागे बसायची त्याची पहिलीच वेळ. तरी गियर टाकताना मी आरशात बघितलंच.

*

प्रधानसाहेब म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. आणि आपण पुढे बसून जायचं. या वेळचं तिकीट मी काढणार."

साहेबांनी आयुष्यात स्वतःचं तिकीट कधी काढलं नव्हतं. दादाच्या टेबलावर बसले, दादाचाच कॉम्प्युटर उघडला. मदत करायला आलेल्या देशमुख मॅडमना त्यांनी हाकलून दिलं. बराच वेळ खोलीचं दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण हातात दोन बोर्डिंग पास. शेजारशेजारच्या सीटा. ते बघून मलाही बरं वाटलं.

"खाट की आरामखुर्ची?" मी विचारलं.

"बघितलंच नाही रे," म्हणाले.

विमानतळाच्या दारात मी पुढे होतो. जवानानं पिशवी बघितली, मृत्यूचा दाखला बघितला, हात जोडले आणि सोडलं. मागे साहेबांना अडवलं. जवान एकदा कागद बघे, एकदा साहेबांचं ओळखपत्र.

"सर, ये टिकट आपका नहीं है। ये तो सुधीर शेलार का है।"

दादाच्या कॉम्प्युटरवर तिकीट काढायला घेतलं की पहिल्या प्रवाशाच्या जागी आपोआप दादाचंच नाव यायचं. दादा ते दर वेळी पुसून साहेबांचं घालायचा. माझं नाव साहेबांनी नीट भरलं होतं. पहिलं पुसायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेब दाराच्या बाहेर, मी आत. मध्ये जवान. साहेबांनी कागदाकडे बघितलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. कागद जवानाच्या हाती देऊन माझ्याकडे पाठवला आणि हातानं खूण केली, जा.

गेटवर मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो. लोक आत जात होते. माझा पाय निघेना. तेवढ्यात तिथली पोरगी नाव घेत फिरायला लागली. "सुधीर शेलार? मिस्टर सुधीर शेलार?" खुर्च्यांच्या रांगांतून येत येत अगदी माझ्यासमोर आली. "सुधीर शेलार?"

मी उठलो. म्हटलं, "आया है।" आणि दोन्ही कागद तिच्या हातात दिले. तिनं पिशवी बघितली. पुन्हा नाव घेतलं नाही.

आत खाटा होत्या. उड्डाण होईपर्यंत पिशवी वरच्या कप्प्यात ठेवावी लागली. विमान स्थिर झाल्यावर हवाईसुंदरी आली, हातातल्या फोनवर शेजारच्या रिकाम्या सीटचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. तिनं स्वतःच पिशवी खाली काढली, त्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. मग खटक्यावर बोट ठेवून हळूच विचारलं,

"सर, पूरा फ्लॅट कर दूँ?"

"नहीं," मी म्हटलं. "आधा."