नव्वद ग्रॅमचं बोट

“आधी शून्य दाखवा.”

हे त्याचं रोजचं वाक्य. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस तो. सगळी पेठ त्याला काटेवाला म्हणायची. कुणी काही तोलायला घेतलं की हा हात आडवा धरायचा. रिकामा काटा शून्यावर थांबल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याच्या घरात चिमूटभर मीठ आलं नाही. किराणावाला त्याला लांबून येताना पाहून घाईघाईने पारडं पुसून ठेवायचा, आणि पुसलेलं पारडं पाहून काटेवाल्याला आणखीच संशय यायचा.

त्याच्या लाकडी पेटीत मखमलीच्या खळग्यांत पितळी चकत्यांची वजनं झोपलेली असत. ती तो चिमट्याने उचली. “बोटाचं तेल लागतं. तेलालाही वजन असतं,” म्हणायचा. दुसऱ्यांचं सोडाच, स्वतःच्या बोटांवरही त्याचा भरवसा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला पक्षाघाताचा झटका आला. ती सावरली, चालू लागली, पण उजव्या हाताची बोटं रुसल्यासारखी राहिली. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. तिची धाकटी बहीण दूरच्या शहरात राहायची. ती म्हणाली, “दाजी, एक गेमचा कन्सोल घ्या. मी इथून खेळते, ताई तिथून खेळेल.”

काटेवाल्याने जुना कन्सोल आणला. बायकोचं बोट काट्यावर टेकवून घेतलं: जेमतेम नव्वद ग्रॅम. रिमोटचं बटण दाबायला लागायचे एकशे साठ. मग त्याने सोबत आलेल्या दोन रिमोटांपैकी एक उघडला आणि बटणाखालची रबराची टोपी पात्याने कोरत कोरत सत्तरवर आणली. तीन दिवस लागले. तेव्हापासून रोज दुपारी चारला दोघी बहिणी पडद्यावर गाड्या पळवायच्या आणि एकमेकींचा उद्धार करायच्या.

आता धाकटीने नवा कन्सोल घेतला. जुन्याची इंटरनेटवरची जोडणी पुढल्या महिन्यात कंपनीच बंद करणार होती.

“मुद्दाम करतात,” काटेवाला म्हणाला. “चालतं यंत्र मारायचं आणि नवं गळ्यात मारायचं.”

“मारू देत. आपण घेऊ या,” बायको म्हणाली.

“आणि बटण? माझा कोरलेला रिमोट नव्याला लागत नाही, आणि नव्याचा उघडून कोरता येत नाही. तुझ्याच्याने दाबलं गेलं नाही की धाकटी मुद्दाम हरायला लागेल. चालेल तुला?”

बायको म्हणाली, “तिला नुसता फोन केला ना, की ती आवाज बारीक करून औषधं विचारते. खेळताना म्हणते, बाजूला हो गं म्हशी. मला ते ऐकायचं असतं.”

काटेवाल्याने पेटी उचलली आणि दोघं दुकानाकडे निघाले.

गेमचं दुकान किराणावाल्याच्या शेजारीच होतं. दुकानदाराने मांडून ठेवलेला रिमोट पुढे केला. काटेवाल्याने तो उलटसुलट पाहिला.

“हा नको. हजार जणांनी दाबून मऊ केलाय. बंद खोक्यातला काढा.”

“काका, खोकं फोडलं की घ्यावं लागेल.”

“म्हणजे आत काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही?”

दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि खोकं फोडलं, रिमोट पडद्याला जोडून दिला. काटेवाल्याने पेटी उघडली, चिमट्याने एक चकती बटणावर ठेवली, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. पडद्यावरची लाल गाडी हलेना.

“अहो, ते दाबायचं असतं, तोलायचं नसतं!”

“श्वास धरा जरा. हेलकावे बसतात.”

एकशे सत्तरला गाडी सुटली. त्याने चकत्या एकेक करून खळग्यांत ठेवल्या आणि पेटी मिटली. चेहरा पडला होता, तरी त्यात आपलं बोलणं खरं झाल्याचं समाधानही होतं.

“चल,” तो बायकोला म्हणाला. “तुझे नव्वद, याचे एकशे सत्तर.”

“मी दाबून बघू?”

“कशाला बोटाला त्रास? मोजलेत मी.”

“कधी?”

तो थबकला. तेवढ्यात तिने रिमोट उचलला आणि तर्जनीने बटण दाबलं. लाल गाडी धुरळा उडवत सुटली.

“अंगठा लावलास.”

तिने अंगठा दूर धरून दाबलं.

“कोपर टेकलंय.”

तिने कोपर हवेत धरलं. गाडी पळतच राहिली. दुकानदार गालात हसला. काटेवाल्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं; हे दोघं मिळालेले तर नाहीत? मग खांद्यावरच्या पिशवीतून त्याने छोटा काटा काढला आणि काउंटरवर ठेवला.

“ठेव बोट.”

बायकोने हात मागे घेतला. “आधी शून्य दाखवा.”

त्याने मुकाट्याने काटा चालू केला, शून्य दाखवलं, शंभराची चकती ठेवून खात्रीही करून दिली. तिने बोट टेकवलं. दोनशे दहा.

“हे कधी झालं?”

“तुम्ही कामाला गेलात की मी दुसरा रिमोट घेते. तो न कोरलेला. सहा-सात महिने झाले. तुमच्या त्या मऊ बटणाला नुसतं बोट लागलं तरी गाडी सुटायची. धाकटी म्हणायची, ताई, तुझी गाडी प्यायलीय का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तीन दिवस डोळे फोडून कोरला होता तुम्ही. कसं बोलू?” मग ती हळूच म्हणाली, “पेठेतले सगळे काटे दर वर्षी तपासता. माझं बोट दोन वर्षांत एकदाही तपासलं नाहीत.”

काटेवाला काट्याकडे पाहत राहिला. तिने बोट उचललं होतं, आकडा शून्यावर आला होता. मग तो दुकानदाराला म्हणाला, “बांधा. पण हाच, दुसरा बदलून देऊ नका. माझं लक्ष आहे.”

खोकं त्याने बगलेत मारलं. वजनांची पेटी उचलायला गेला, तर ती बायकोने आधीच घेतली होती, उजव्या हातात. अडीच किलोची पेटी. दोघं निघाले. ती पुढे, तो दोन पावलं मागे, मान तिरकी करून तिच्या मुठीकडे पाहत, पेटी खाली सरकते का, ती गुपचूप हात बदलते का ते निरखत.

किराणावाला दारात उभा राहून पाहत होता. आज काटेवाल्याने त्याच्या पारड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जोडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तो पाहत राहिला, आणि मग आत जाऊन त्याने आपणहून काट्याचं शून्य तपासलं.