वॉकरला झेंडूची माळ

आमच्या घरात दसऱ्याला हत्यारांना नुसतं हळदकुंकू वाहून भागत नाही. ज्याचं हत्यार, त्याला त्याच्याशी बोलावं लागतं. ही माझ्या सासऱ्यांची पद्धत. ते कारखान्यात टर्नर होते. फुलं काय, कुणीही वाहतं, म्हणायचे; वर्षभर त्यानं तुझ्यासाठी काय केलं ते तोंडानं सांग. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला मला कात्रीशी बोलायला लावलं, तेव्हा मनात म्हटलं, बाई गं, कुठल्या घरात येऊन पडलीस. आता सासरे नाहीत. लालबाग सोडून मीरा रोडला आलो त्यालाही वीस वर्षं होऊन गेली, पण पद्धत चालू आहे. नवरा इथल्याच हाटकेश भागातल्या त्याच्या गाळ्यातून मापं घ्यायचा व्हर्निअर घरी आणतो, मी कात्री आणि स्कूटरची चावी ठेवते आणि सासूबाई चकलीचा सोऱ्या.

गेल्या फेब्रुवारीत सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. आम्ही दोघंही बाहेर होतो. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेनना आवाज गेला. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते, तशी त्यांची आमच्याकडे. त्या धावत आल्या, ओल्या फरशीवर बसल्या, सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःची ओढणी त्यांच्या अंगावर टाकली. अँब्युलन्स त्यांनीच बोलावली आणि मी पोचेपर्यंत तशाच बसून होत्या.

खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पण जी बाई कचऱ्याचा डबा ठेवायला दार उघडतानासुद्धा केसांवरून फणी फिरवते, तिला परक्या बाईनं तशा अवस्थेत पाहिलं होतं. ते त्यांना सोसवेना. बेन विचारपूस करायला आल्या की सासूबाई डोळे मिटून पडायच्या. बेन गेल्या की लगेच डोळे उघडून चहा मागायच्या. आमच्या दारापासून त्यांचं दार नऊ पावलांवर आहे, मी मोजलीत. आठ महिन्यांत सासूबाई तिकडे गेल्या नाहीत, की त्या बाईशी एक शब्द बोलल्या नाहीत.

"तूच सांग ना माझ्या वतीनं," एकदा मला म्हणाल्या. मी सांगितलं. पण दुसऱ्याच्या तोंडून गोड बोलण्यात काय अर्थ आहे? बेन हसून "कोई बात नहीं" म्हणाल्या, आणि मीच खजील होऊन परत आले. वॉकरवरही सासूबाईंचा तसाच राग. त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, पण पाहुणे आले की त्याच्यावर चादर टाकायला लावायच्या.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर व्हर्निअर आला, कात्री आली, चावी आली. सोऱ्या आला नाही.

"आई, सोऱ्या काढू ना?"

"यंदा चकल्या केल्यात कुठे मी? काय सांगू त्याला?"

मुद्दा बरोबर होता. मी आत गेले, वॉकर आणला, पाटाशेजारी उभा केला आणि उरलेली झेंडूची माळ त्याच्या दांडीवर घातली. सासूबाई बघतच राहिल्या.

"हा पिंजरा पूजेत कुणी आणला?"

"मी आणला."

"उचल आधी."

सणाच्या दिवशी तोंड आवरायचं असतं हे मला माहीत आहे. पण माझा राग नाकावर असतो, तो सण बघत नाही. "नाही उचलणार," मी म्हटलं. "आठ महिने तो तुम्हाला उचलतोय. ज्यानं धरलं त्याचीच तुम्हाला लाज वाटते. त्याचीही आणि समोरच्या बेनचीही."

नवरा व्हर्निअर पुसत बसला. तो आधीच लखलखीत होता, तरी पुसत बसला. मला वाटलं, झालं, आता सणावर पाणी पडलं. पण सासूबाईंनी करंडा ओढला, वॉकरच्या दोन्ही मुठींना हळदकुंकू लावलं.

"तुझ्यामुळं मला न्हाणीघरात न्यायला माझ्या पोराला यावं लागलं नाही," त्या वॉकरला म्हणाल्या. "तेवढी माझी अब्रू राखलीस." मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि तिनं तर त्याच्या आधी राखली. मला पांघरूण घातलं तिनं. मी मेली डोळे मिटून पडून राहिले."

मला रडू आलं आणि शरमही वाटली, पण बोलल्याचा पस्तावा झाला नाही.

त्यांनी जांभळी पैठणी काढायला सांगितली. अंबाडा स्वतः घातला. हातात आपट्याची पानं घेतली आणि वॉकरसकट दाराशी आल्या. मी काखेत हात घालायला गेले तर म्हणाल्या, "तू इथंच थांब." माळ तशीच दांडीवर होती. चादर नाही, काही नाही. वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब जिन्यानं खाली उतरत होतं, त्यांनाही थांबून वाट द्यावी लागली. सासूबाईंनी कुणाकडे बघितलं नाही. बेल त्यांनीच दाबली.

बेननी दार उघडलं. हातात फाफड्याचं पुडकं होतं. "अरे बा, आप? मेरे को बुला लेते."

"बुलाती नहीं. मेरे को ही आना था." सासूबाईंचं हिंदी आयुष्यभर असंच, भाजीवाल्यापुरतं. पण त्या दिवशी त्या अडखळल्या नाहीत. "तुमने मेरा डोकं मांडी पे लिया. ओढणी डाली. मैंने आठ महिना कुछ बोला नहीं, वो मेरा गलती. तुम थी, इसलिए मैं है."

बेनचे डोळे भरून आले. "बा, ऐसा क्यों बोलते हो."

"बोलना पडता है. और उस दिन मेरे को कैसा देखा तुमने. आज भी देखो."

असं म्हणून त्यांनी वॉकरवरचे दोन्ही हात सोडले. मी पुढे झेपावले, तर नवऱ्यानं माझं मनगट धरलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी सोनं पुढे केलं. बेननी पुडकं कसंबसं दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवलं, हात ओढणीला पुसले, पानं घेतली आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या. एवढं सगळं होईपर्यंत सासूबाई पैठणीत, ताठ मानेनं, कशालाही न धरता उभ्या होत्या.