विळा घेऊन निघालेली बाई

रिठदहून वाशीमला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. तिच्या पिशवीतून विळ्याची मूठ बाहेर डोकावत होती.

कंडक्टर म्हणाला, "कोनाले कापाले निघाली, माय?"

"डॉक्टरले दाखवाले. कापता येते का, तेच पाहू दे त्याले."

तिला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत. गोळीने आवाज थांबले, पण हात लाकडासारखे झाले. मागच्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत विळा चालावा म्हणून तिने गोळी सोडली आणि आवाज परतले. यंदा तिला गोळीही हवी होती आणि सोंगणीही. हे सांगताना ती सारखी मूठ उघडत होती, मिटत होती.

मनाच्या आजारांची माहिती गावोगावी देणारा आमचा एक गट होता; त्याची पत्रकं माझ्याकडे होती. मी उत्साहाने समजावलं: मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन जिथे चिकटतं, ते रिसेप्टर जुनी औषधं अडवतात. हालचालीलाही डोपामाइनच लागतं, म्हणून हात आखडतात. आता संशोधक दुसऱ्या रिसेप्टरवर चालणारी औषधं शोधत आहेत. परदेशात एक आलंही आहे.

"वाशीमले भेटते का?"

"अजून नाही."

"मंग मले काहून सांगून राह्यला, भाऊ?"

मी हातातलं पत्रक मिटलं. औषध लागू पडलं की नाही हे संशोधक जिथे ठरवतात, त्या टेबलावर आवाजांच्या नोंदीशेजारी एक विळाही असायला हवा, एवढंच मनात आलं.

दवाखाना आला तेव्हा तिने पत्रक मागितलं. मी खूश होऊन दिलं. तिने ते पात्याला नीट गुंडाळलं.

"आत गर्दी राह्यते. कोनाले लागाले नको," ती म्हणाली आणि उतरली.